पाण्यातला ठिपका

आत्याच्या डोक्याचं चित्र पडद्यावर उमटलं आणि ताईच्या हातातला पाण्याचा पेला हातातच राहिला. मेंदूच्या मधोमध, देठाशी, जिथे श्वासाच्या आणि तोलाच्या सगळ्या तारा एका जुडीत येतात, तिथे एक ठिपका होता. भोवतीपेक्षा जरासा गडद. मोहरीएवढा. कुणी टाचणीच्या टोकाने शाई टेकवावी तसा.

काचेपलीकडे, यंत्राच्या पांढऱ्या कमानीत आडवी पडलेली आत्या ओरडली, “झालं का गं? की डोकंच सापडत नाहीये?”

ताईने बोलायचं बटण दाबलं. “झालं. पडून राहा जरा.”

पेला तिने टेबलावर ठेवून दिला.

ताई या स्कॅनच्या केंद्राची डॉक्टर. माणसाला हातही न लावता, त्याचं नुसतं चित्र बघून आत काय चाललंय ते सांगणारी. वडिलांनी उभं केलेलं केंद्र वडिलांमागे तिने आणि धाकट्या भावाने चालवायला घेतलं होतं. ती चित्रं वाचायची, धाकटा व्यवहार बघायचा, आणि बाहेरच्या खिडकीवर बसायची वडिलांची बहीण, आत्या. आई लवकर गेली तेव्हापासून दोघांना तिनेच वाढवलं होतं. एकाला खांद्यावर, एकीला बोटाशी. आता ती खिडकीवर बसून आजाऱ्यांना वाढवायची. कुणी कण्हत आलं तर त्याला आधी बसवायची, कुणी हुकूम सोडत आलं तर त्याला आधी उभं ठेवायची. गेल्या काही दिवसांत खुर्चीतून उठताना तिने दोन-चारदा भिंतीला हात टेकला होता. ताईने ते पाहिलं होतं. “माझ्यावर वीज जाळू नका, आयुष्यभर चुलीवर भागवलंय मी,” असं आत्या म्हणत असतानाच तिला आत नेऊन निजवलं होतं.

निजवलं होतं ते ओळंब्याने. ओळंबा म्हणजे यंत्र चालवणारा तंत्रज्ञ. हे नाव आत्यानेच ठेवलेलं. गवंड्याने दोरीला वजन बांधून भिंत सरळ करावी, तसा हा माणूस यंत्राच्या लाल उजेडाच्या रेघेखाली डोकं सरळ करायचा. रेघ बरोबर भुवयांच्या मधून, नाकाच्या शेंड्यावरून गेली नाही तर त्याचा जीव खालीवर व्हायचा. उशी काढ, उशी घाल, हनुवटी खाली, जराशी वर. पेशंट वैतागायचे. चित्रं मात्र अशी यायची की ताईला वाटायचं, सगळ्या जगाची डोकी एकाच कुंभाराने घडवली आहेत.

ओळंबा आत आला आणि ताईच्या चेहऱ्याकडे बघून दारातच थांबला. “काही आहे का, ताई?”

“नाही.”

पडदा त्याच्यासमोरच होता. त्याने पाहिलं, आणि मान खाली घालून तो आत्याला टेबलावरून उठवायला गेला. एरवी तिच्याशी वाद घालत उठवायचा. त्या दिवशी त्याने तिचा हात असा धरला, जणू ती काचेची आहे.

संध्याकाळी चहाच्या खोलीत ताईने सांगितलं. लपवून उपयोग नव्हता. आत्यापासून काही लपवायचं म्हणजे मांजरापासून दूध लपवण्यासारखं.

“आत्या, एक ठिपका आहे.”

“कुठे?”

“डोक्यात. मधोमध.”

“केवढा?”

“मोहरीएवढा.”

“मग चिमटीने उचल आणि टाक की!” आत्या हसली. मग तिने ताईकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं. हसू तिच्या तोंडावरून लगेच गेलं नाही. पाहुण्याला जायचं असतं पण उठवत नाही, तसं ते थोडा वेळ तिथेच बसून राहिलं.

“गाठ असू शकते,” ताई म्हणाली. “नक्की नाही. मोठ्या इस्पितळात दुसऱ्या यंत्रात बघून घेऊ. पुढच्या आठवड्यात वेळ मिळतेय. जागा वाईट आहे, आत्या. ऑपरेशन म्हटलं तर…”

आत्याने चहा संपवला, कप विसळला, पालथा घातला. “बरं,” म्हणाली. जणू कुणी दळण कधी मिळेल ते सांगितलं होतं.

त्याच खोलीत, साखरेच्या बरणीखाली, एक कागद दबून पडला होता. यंत्राच्या देखभालीचा करार. जुना संपून ऋतू उलटला होता आणि नवा करायचा की नाही याचं घोंगडं भिजत पडलं होतं. धाकट्याचा साफ विरोध. “इतकी वर्षं भरतोय आपण,” तो म्हणायचा, “आणि मिळालं काय? इंजिनिअर यायचा, चहा प्यायचा, फडकं मारायचा, सही घेऊन जायचा. हे म्हणजे न पडणाऱ्या घराला टेकू लावल्यासारखं. बिघडलं तर बघू. तेव्हा बोलावू, तेव्हा देऊ.”

आत्या करार करा म्हणायची. तिला यंत्रातलं कळत नव्हतं, पण कशाला कोण बघतं आणि कशाला कोणीच बघत नाही, हे तिला नेमकं कळायचं. खिडकीवर गर्दी नसली की ती गुणगुणायची,

“यंत्रबाई गं यंत्रबाई, पांढऱ्या अंगाला डाग नाही,
साऱ्या जगाचं बघतेस बाई, तुझं बघायला कोणीच नाही.”

धाकटा म्हणायचा, “आत्या, कंपनीने तुला गाण्यावर ठेवलंय का?”

सही मात्र ताईची लागायची. तिने दोन्ही बाजू ऐकल्या होत्या आणि शेवटी एकच वाक्य बोलली होती, ज्याच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. “बिघडलं तर मला दिसेलच की. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघतच तर असते मी.” म्हणून कागद बरणीखाली गेला होता. नको असंही नाही, हो असंही नाही.

आता धाकट्याने तो बाहेर ओढला. “ताई, हा विषय आता संपला. जे काही साठवलंय ते आत्याच्या डोक्याला लागेल. यंत्र थांबू शकतं. माणूस थांबत नाही.”

खरं होतं. दुसऱ्या दिवशी ताईने स्वतःच कंपनीला फोन केला आणि करार नको म्हणून सांगितलं. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “कारण कळेल का मॅडम?” ताई म्हणाली, “घरात आजारपण आहे.” आणि फोन ठेवून पहिल्यांदा रडली.

त्याच्या दुसऱ्या सकाळी आत्या खिडकीवर आली तेव्हा ओळंब्याच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या. आत्याची वेणी नव्हती. कमरेखाली रुळणारी, पांढरी झाली तरी दोरखंडासारखी जाड, जिची टोकं धरून ताई आणि धाकटा लहानपणी घोडागाडी खेळत, ती वेणी. मानेशी, कात्रीच्या वेड्यावाकड्या घावांनी, सपाट.

“आत्या!” ताई ओरडली.

“ऑपरेशनला कापणारच ना गं ते? परक्या माणसाने कापण्यापेक्षा आपल्या हाताने कापलेलं बरं.” तिने खुर्ची ओढली. “बघत काय उभे राहिलात सगळे? पेशंट आलेत.”

त्या दिवसापासून ताईची नजर बदलली. आता कुठलंही डोकं पडद्यावर आलं की तिची नजर आधी मध्याकडे धावणार होती, देठाकडे. जळलेली जीभ ताकही फुंकून पिते. तिचे डोळे प्रत्येक चित्र फुंकून बघू लागले.

आणि आत्यानंतरचं पहिलंच डोकं आलं एका क्रेनवाल्याचं, त्यात तिला ते दिसलं.

तो बंदरावर उंच क्रेनमध्ये बसून मोठमोठी खोकी उचलायचा. वर बसल्यावर गरगरतं म्हणून त्याच्या साहेबाने तपासून ये म्हणून धाडलं होतं. आडदांड माणूस, बोलायला लाजाळू. तोच ठिपका, तिथेच. ताईने तीनदा बघितलं. भास होतोय का आपल्याला? जिकडेतिकडे आत्याच दिसतेय का? पण ठिपका भास नव्हता. तो होता, आणि तिने आधीच्यासारखाच धीर करून लिहिला. क्रेनवाल्याला समोर बसवून सांगितलं. तो बराच वेळ आपल्या पंजांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे वर नाही चढायचं?”

“नाही. मोठ्या इस्पितळात दाखवा आधी.”

“बरं,” तो म्हणाला. आत्यासारखाच. आणि जाताना दार अलगद लोटून गेला, आतल्या कुणाची झोप मोडेल की काय असं.

तिसरी आली ती शाळकरी मुलगी. सायकलवरून पडलेली, कपाळावर टेंगूळ, पण टवटवीत. तिच्या बापाचाच चेहरा जास्त सुजलेला होता. “काही नसेलच, पण बघा,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मुलगी ओळंब्याला म्हणाली, “काका, मी सरळच आहे, तुमची रेघ वाकडी आहे,” आणि ओळंबा कितीतरी दिवसांनी हसला.

चित्र आलं. कवटी शाबूत. रक्त नाही, सूज नाही. आणि मधोमध, देठाशी, ठिपका.

म्हातारी बाई, बंदरावरचा माणूस आणि शाळेतली पोर. तिघांच्या घरांचा एकमेकांशी संबंध नाही, तिघांच्या रक्ताचा नाही, वयाचा नाही. तिने तिन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. दुखणं कधी दोन माणसांत सारखं वाढत नाही. ते ज्या घरात जातं त्या घराचं होतं, कुणात लांबट, कुणात पसरट. हे तिन्ही ठिपके एका छापाने उठवल्यासारखे होते. तोच आकार. तोच गडदपणा. तीच जागा, केसभरही इकडेतिकडे नाही.

तिने मागची चित्रं काढली. गेल्या महिन्यातली, त्याच्या आधीची. पूर्वी जिथे तिला काही दिसलं नव्हतं, तिथे आता पुसट दिसत होतं. आधी नुसती सावली, मग ठसठशीत. प्रत्येकात. एकूण एक डोक्यात.

ती उठली. भिंतीतल्या कपाटाशी गेली. आत एक गोल, बुटकं, प्लास्टिकचं भांडं होतं, पाण्याने भरलेलं, झाकण कायमचं बंद केलेलं. इंजिनिअर फेरीला आला की हे भांडं टेबलावर ठेवून त्याचं चित्र काढायचा. पाण्यात काहीच नसतं, म्हणून चित्रातही काहीच दिसता कामा नये. एवढीच त्या भांड्याची परीक्षा. यंत्र तापवणं, रोजची झाडलोट, हे ओळंबा करायचा. पाण्याची परीक्षा इंजिनिअरची. करार संपला, इंजिनिअरच्या फेऱ्या संपल्या, आणि भांडं कपाटात गेलं ते गेलंच.

“हे ठेव,” तिने ओळंब्याला सांगितलं. “मधोमध. आत्याला ठेवलं होतंस तसं.”

त्याने रेघेखाली भांडं नीट बसवलं. कमान घरघरली. दोघं पडद्यापुढे उभे राहिले.

राखाडी, गोल, पुनवेच्या चंद्रासारखं पाणी पडद्यावर आलं. आणि त्या चंद्राच्या नेमक्या मध्यावर होता ठिपका.

पाण्याला गाठ आली होती.

ताईने तोंडावर हात दाबला. हसू आलं की रडू, तिला कळलं नाही. “सरकव,” ती कशीबशी म्हणाली. ओळंब्याने भांडं वीतभर बाजूला सरकवलं. पुन्हा चित्र. पाणी सरकलं होतं. ठिपका नव्हता सरकला. कमानीच्या मध्यावर, होता तिथेच तो बसून होता, आता पाण्याच्या कडेला, आपल्या घरचा असल्यासारखा निवांत. तो कुणाच्याच डोक्यात नव्हता. तो यंत्राच्या डोळ्यात होता.

ओळंबा मटकन खाली बसला. “ताई, मी वाकडं निजवलं असतं तर?”

तिला खोटं बोलता आलं नाही. “तर एकाच्या कपाळात दिसला असता, एकाच्या कानामागे. आणि मला पहिल्या दिवशीच कळलं असतं.”

“माझ्यामुळे…”

“नाही रे. तू तुझं काम चोख केलंस.” ती पडद्याकडे बघत होती. “मी म्हणाले होते, बिघडलं तर मला दिसेल. दिसत होतंच की. रोज दिसत होतं. मी त्याला लोकांच्या डोक्यात घातलं.”

आधी तिने त्या मुलीच्या बापाला गाठलं. पोरीच्या डोक्याला मार नाही, पण आमचं यंत्र आज विश्वासाचं नाही, दुसरीकडे एकदा बघून घ्या, पैसे परत घ्या, असं सांगितलं. बाप तिच्याकडे अवाक् होऊन बघत राहिला. दुकानदार स्वतःच माल खराब आहे म्हणतोय, हे त्याला उमगेना. मग ताईने धाकट्याला चहाच्या खोलीत बोलावून सगळं सांगितलं.

धाकटा पांढराफटक पडला. आधी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे आत्याला…?”

“ती गाठ नाही.”

त्याने टेबलावर मूठ आपटली, हसला, डोळे पुसले, आणि पुसता पुसताच त्याच्या चेहऱ्यावर दुसरा विचार चढला. “कुणाकुणाला लिहून दिलाय हा ठिपका?”

“आत्याला आणि क्रेनवाल्याला.”

“बास? मग काय!” तो पुढे सरकला, आवाज खाली आणला. “ऐक. करार आजच करून टाकू. इंजिनिअर येईल, ठिपका जाईल. आत्या घरचीच आहे. राहिला एक माणूस. त्याला तू मोठ्या इस्पितळात पाठवलंयस ना? तिथे कळेलच त्याला, काही नाही म्हणून. देवाचे आभार मानेल आणि घरी जाईल. आपण होऊन कशाला डोक्यावर धोंडा मारून घ्यायचा? एकदा बभ्रा झाला की खिडकीवर कुत्रं फिरकायचं नाही, ताई.”

ताई बघतच राहिली. ज्या तोंडाने नको नको म्हटलं, त्याच तोंडाने इतक्या लगबगीने हो.

“आणि त्याला तिथे कळेपर्यंत?” तिने विचारलं.

“थोडे दिवस जातील, एवढंच.”

“थोडे दिवस म्हणजे काय असतं, ते मला विचार.”

दारात आत्या उभी होती. कधीपासून, कोण जाणे. कापलेल्या केसांच्या टोकांवर खिडकीतून उजेड पडला होता आणि तिचं डोकं एखाद्या उपटलेल्या रोपासारखं दिसत होतं.

“थोडे दिवस म्हणजे,” ती म्हणाली, “सकाळी उठून आधी हात हलवून बघायचा, आपला आहे का ते. भाजी निवडताना वाटतं, ही शेवटची मेथी. कुणाशी भांडायचं म्हटलं तरी वाटतं, जाऊ दे, मरणाऱ्याने कशाला. अरे, माझं भांडण गेलं रे थोड्या दिवसांत!”

आत्या आत येऊन खुर्चीवर बसली. राग मागे राहिला आणि उरलेली बाई लहान दिसू लागली.

“म्हणजे मी मरत नाहीये?”

“यानं तरी नाही,” ताई म्हणाली.

“मग कशानं?”

“आत्या!”

“नाही, विचारून ठेवते. तयारी केलीये तर वाया नको जायला.” आणि तिचा हात सवयीने मागे गेला, वेणी पुढे ओढायला. हाताला मोकळी मान लागली. हात तिथेच थांबला. मग ती रडली, अशी, की धाकट्याने दाराला आतून कडी घातली. तो तिच्या पायाशी बसला. ताईने तिचं डोकं पोटाशी धरलं. तिच्या बोटांना ते केस टोचले. आपण लिहिलेल्या एका ओळीने हे कापलं, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं गेलं नाही.

नाक पुसून आत्याच आधी बोलली. “माझ्या डोक्याला ठेवलेले पैसे यंत्राच्या डोक्यात घाला. आणि त्या बंदरावरच्या माणसाला आत्ताच्या आत्ता फोन लावा. कुणी लावायचा नसेल तर मी लावते. मी त्याच्याच गावची आहे, ठिपक्याच्या.”

तिनेच लावला. काय बोलली ते ताईला ऐकवलं नाही. मग ताईने कंपनीला लावला. इंजिनिअर ओळखीचा होता. “मधला एखादा डिटेक्टर गेला असणार,” तो म्हणाला. “ताई, फेरी झाली असती तर पाण्यातच दिसलं असतं हे.”

“माहीत आहे.”

“आता नुसता करार करून भागणार नाही. यंत्र आधी तपासून, सुधारून घ्यावं लागेल, तुमच्या खर्चाने. त्यानंतर करार चालू होईल. तोवर चालवू नका.”

“नाही चालवत. आणि करार कर. दर फेरीला पाण्याचं चित्र मला दाखवायचं. सही नंतर.”

क्रेनवाला तासाभरात आला. सोबत कुणी नव्हतं. ताईने त्याला समोर बसवलं, भांडं दाखवलं, पडद्यावरचं पाणी दाखवलं, त्यातला ठिपका दाखवला, आणि त्याच्या डोक्यातला. तो एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. तो आनंदाने उडी मारेल असं धाकट्याला वाटलं होतं. त्याने उडी मारली नाही. त्याचे मोठाले पंजे गुडघ्यांवर आवळले गेले, सुटले, पुन्हा आवळले गेले.

“माझी क्रेन दुसऱ्याला दिली,” तो म्हणाला. “कालच किल्ली दिली मी.”

“मी तुमच्या साहेबांना लिहून देते.”

“आणि बायकोला सांगून टाकलं.” त्याचे कान लाल झाले. “म्हटलं, तू तरुण आहेस. माझं काही बरंवाईट झालं तर दुसरं लग्न कर. माझी हरकत नाही.”

आत्या खिडकीवरून मागे वळली. “मग? काय म्हणाली ती?”

“विचार करते म्हणाली.”

आत्याला हसू फुटलं, आवरेना. क्रेनवाला आधी तिच्याकडे रागाने बघत होता. मग त्याची नजर तिच्या केसांवर गेली, त्या वेड्यावाकड्या टोकांवर, आणि त्याला काहीतरी समजलं. “तुम्हीही?” त्याने विचारलं. आत्याने मान हलवली. तेव्हा तो हसला, आणि हसता हसता दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकून घेतला. बराच वेळ झाकून बसला.

ताई पत्र लिहायला बसली. धाकटा मागे उभा राहून वाचत होता. “‘यंत्रातल्या बिघाडामुळे’ असं लिही,” तो हळूच म्हणाला. “तेही खरंच आहे.”

खरंच होतं. तिने ते लिहिलं. पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिलं, मग पुढे चाललं: यंत्राची देखभाल आम्ही थांबवली होती, त्यामुळे हा बिघाड वेळेत कळला नाही. थांबवण्याचा निर्णय माझा. या माणसाच्या डोक्यात आम्हाला दिसलेला दोष त्याच्यात नव्हता.

धाकट्याने डोळे मिटून घेतले. मग खण उघडून शिक्का काढला, शाईच्या गादीवर टेकवला आणि विचारलं, “कुठे मारू?”

“माझ्या सहीखाली.”

क्रेनवाल्याने पत्र ओठ हलवत वाचलं. “हे वाचून साहेब मला वर चढवेल,” तो म्हणाला. “पण तुमच्याकडे कोण येईल?” उत्तराची वाट न बघता तो उठला, आणि उठताना त्याने टेबलाची कड गच्च धरली. पत्र खाली पडलं. त्याचे डोळे क्षणभर कुठेतरी दूर फिरून आले.

ताईने त्याचा दंड पकडला. कितीतरी वर्षांनी तिने पेशंटला हात लावला होता. गरगरणं खरं होतं. ठिपका खोटा होता म्हणून माणूस बरा झाला नव्हता. “आजच चला,” ती म्हणाली. “मोठ्या इस्पितळात. मी येते सोबत. तिथल्या डॉक्टरला मीच सांगते काय झालं ते.”

“दुसरी चक्कर इकडे आहे,” आत्या खिडकीवरून उठत म्हणाली. “तिलाही घ्या. आणि वाटेत कुणीतरी हे केस सारखे करून द्या. डॉक्टर म्हणेल, हिला उंदरांनी खाल्लं.”

तिघं गेले. ओळंब्याने यंत्राच्या खोलीला कुलूप घातलं. खिडकीवर बसायला कुणी नव्हतं म्हणून धाकटा बसला. आत्याची खुर्ची त्याला बुटकी होत होती. गुडघे फळीला लागत होते.

एक बाई आली, हातात चिठ्ठी, सोबत खोकणारा म्हातारा. “स्कॅन करायचंय,” म्हणाली.

“यंत्र बंद आहे.”

“बिघडलंय का?”

धाकट्याने तोंड उघडलं. ‘हो’ जिभेवर अगदी तयार होतं. साधं, गुळगुळीत, कुणालाही न दुखावणारं. बाई वाट बघत होती.

“आम्ही नीट ठेवलं नाही,” तो म्हणाला. “बाबांना आधी बसवा. मग सांगतो.”